पत्ता कुणाच्या नावावर?

तो मेल आला तेव्हा मी एका कादंबरीचं तिसरं प्रूफ वाचत होते. नजर त्याच कामात मुरलेली, त्यामुळे आधी मला त्यातला चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविराम दिसला आणि मजकूर नंतर कळला. ज्या कंपनीचं इंटरनेट मी पंधरा वर्षं वापरत होते, ती आपली ईमेलची सेवा बंद करत होती. मुदत नव्वद दिवसांची. जुनी पत्रं उतरवून घ्या, नवा पत्ता बघा, आजवरच्या सोबतीबद्दल आभार.

तेव्हा मला रागही आला नाही. पत्ता बदलायचा म्हणजे काय, चार लोकांना कळवायचं. कागद घेतला आणि यादी करायला बसले. प्रकाशक, लेखक, बँक, विमा, वीजबिल, शब्दकोशाची वर्गणी, तिकिटं काढायची खाती. संध्याकाळपर्यंत यादी त्र्याऐंशीवर गेली. पुढचे सहा रविवार मी एकेका ठिकाणी शिरून पत्ता बदलत होते. कुठे ईमेल हेच खात्याचं नाव होतं आणि ते बदलायची सोयच नव्हती. कुठे नवा पत्ता नोंदवायला जुन्या पत्त्यावर कोड यायचा. जुना जिवंत असेपर्यंत ते ठीक होतं. पण एक खातं मला आठवलं ते मुदत उलटून सहा दिवस झाल्यावर. जुन्या कामांचे स्कॅन त्यात ठेवले होते. पासवर्ड विसरले होते आणि तो बदलायचा दुवा अशा पत्त्यावर जात होता जो आता जगात नव्हता. ते स्कॅन बहुधा अजूनही तिथेच आहेत. मी मात्र बाहेर आहे.

खरा फटका वर्षभराने कळला. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या दोन पुस्तकांचं मुद्रितशोधन मी केलं होतं, त्या लेखकांनी तिसऱ्या पुस्तकासाठी मला लिहिलं होतं. मेल परत आला. 'बाईंनी काम थांबवलं वाटतं' असं समजून त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठलं. त्र्याऐंशी खात्यांची यादी करता येते, पण आपला पत्ता कुणाकुणाच्या वहीत लिहिलेला आहे त्याची यादी कोण करणार?

"मावशी, तो पत्ता तुझा नव्हताच गं," भाचा म्हणाला. तो सर्व्हर वगैरे सांभाळायचं काम करतो आणि माणसांपेक्षा यंत्रांशी जास्त गोड बोलतो. "अ‍ॅटच्या चिन्हापुढचं नाव बघ. कुणाचं आहे? कंपनीचं. त्यांच्या घरातल्या एका खोलीत तू राहत होतीस. त्यांनी घर पाडलं."

मी म्हटलं, मग जीमेल घेते, ते थोडंच बंद पडतंय.

"बंद पडेल असं कुठे म्हणतोय मी? पण उद्या त्यांच्या एखाद्या यंत्रणेला तुझ्याबद्दल शंका आली आणि खातं गोठलं, तर जाशील कुणाकडे? मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो ना? मेलच्या बाबतीत तशी सोय हवी असेल तर एकच रस्ता आहे. डोमेन स्वतःचं घे."

डोमेन म्हणजे वेबसाइट आणि वेबसाइट म्हणजे दुकान, अशी माझी समजूत होती. माझं कसलं आलंय दुकान? लाल पेन आणि चष्मा एवढंच भांडवल. ही समजूत सुटायला मला बराच वेळ लागला, आणि मी ज्यांना ज्यांना हे सांगते तेही सगळे इथेच अडकतात. डोमेन म्हणजे फक्त ते अ‍ॅटच्या चिन्हापुढचं नाव. नाव वेगळं, मेलची पेटी वेगळी आणि वेबसाइट वेगळी. तिन्ही तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेता येतात, आणि त्यातलं फक्त नाव घेऊन बाकी काहीच न केलं तरी कुणी विचारत नाही. नाव ही एक नोंद आहे. 'या नावाने पत्र आलं तर अमुक सर्व्हरकडे द्या, पान मागितलं तर तमुक सर्व्हर दाखवा', एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ते 'अमुक' आणि 'तमुक' आपण हवं तेव्हा बदलायचं. बाहेरच्या माणसाला पत्ता तोच दिसतो.

पटलं. मग नाव निवडायला बसले, आणि त्यात अकरा दिवस गेले.

माझ्या आडनावात 'व' आहे. शाळेच्या दाखल्यावर त्याचा व्ही झाला आणि पासपोर्टवर डब्ल्यू. मराठीत सुखाने नांदणारं अक्षर रोमन लिपीत गेलं की त्याला दोन तोंडं फुटतात. शेवटच्या 'आ'ला एक ए पुरतो की दोन लागतात, हा प्रश्न वेगळाच. ज्यांच्या नावात 'क्ष' किंवा 'ज्ञ' आहे त्यांच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांची शुद्धलेखनं सुधारली आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग ठरवताना हात थांबला. इथली गोम अशी की एकदा नोंदवलेल्या नावात दुरुस्ती होत नाही. अक्षर चुकलं तर ते चुकलेलं नाव आपलं झालं. बरोबर नाव हवं असेल तर ते नव्याने, वेगळे पैसे भरून घ्यायचं.

भाच्याने एक परीक्षा सांगितली, तिचा मात्र फार उपयोग झाला. मैत्रिणीला फोन करायचा, पत्ता एकदाच उच्चारायचा आणि तिला तो लिहून घ्यायला सांगायचं. माझी पहिली तीन नावं या परीक्षेत नापास झाली. पहिल्यात मध्ये आडवी रेघ होती. मैत्रीण म्हणाली, "डॅश की खालची रेघ?" खालची रेघ अशा नावात चालतच नाही, पण हे तिला माहीत असायचं काय कारण? दुसऱ्यात आकडा होता, तो तिने अक्षरी लिहिला. तिसरं नाव मी फार हौसेने शोधलेलं, मुद्रितशोधनावर कोटी करणारं. तिने दोनदा विचारलं आणि मग हसली. ज्या कोटीचं स्पेलिंग सांगावं लागतं ती सोडून द्यावी. शिवाय काम बदलतं, हौस बदलते, नाव तेच राहतं. शेवटी आद्याक्षर आणि आडनाव असं साधंसुधं नाव उरलं, डब्ल्यूवालं, कारण पासपोर्ट हाच काय तो परदेशी प्रकाशकांना दाखवावा लागणारा कागद.

पूर्ण नाव डॉट कॉममध्ये आधीच गेलेलं होतं. माझ्याच नावाची दुसरी एक बाई ते कित्येक वर्षांपासून वापरत होती. मी तिच्या पानावर जाऊन आले, आणि सांगायला लाज वाटते, पण थोडा वेळ तिचा रागही केला. तिचं तरी काय चुकलं? इथे जो आधी येईल त्याचं नाव, असा सरळ हिशेब आहे. प्रसिद्ध माणसांचीसुद्धा यातून सुटका नाही. २००० साली ज्युलिया रॉबर्ट्स या अभिनेत्रीने तक्रार करून आपल्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्याच्या हातून सोडवून घेतलं. त्याच वर्षी गायक स्टिंगने तशीच तक्रार केली, ती फेटाळली गेली. स्टिंग हा इंग्रजीतला साधा शब्द, त्याच्यावर एकट्याचा हक्क कसा? आणि उझी निसान नावाच्या गृहस्थांनी १९९४ मध्ये आपल्या आडनावाचं डॉट कॉम घेतलं, तेव्हा त्याच नावाच्या मोटारकंपनीने ते घेतलेलं नव्हतं. १९९९ मध्ये कंपनीने खटला भरला, तो वर्षानुवर्षं चालला. २०२० मध्ये हे गृहस्थ वारले तेव्हाही नाव त्यांच्याकडेच होतं. आपल्यासारख्यांवर खटला कुणी भरणार नाही, पण नाव मोकळं असेल तर आज घ्यावं. उद्या ते मोकळं असेलच याची हमी नाही.

नावाच्या शेवटी, टिंबानंतर जे येतं त्या शेपटीचाही विचार करावा लागतो. दोन अक्षरी शेपट्या देशांच्या किंवा प्रदेशांच्या असतात. डॉट टीव्ही तुवालूची, डॉट मी माँटेनिग्रोची, आणि संगणकवाल्यांना भारी आवडणारी डॉट आयओ ही ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेशाची. दिसायला गोंडस असतात, पण त्यांचे नियम त्या त्या देशाच्या हातात. युगोस्लाव्हिया नकाशावरून गेला आणि २०१० मध्ये त्याची डॉट वाययू ही शेपटीही गेली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१च्या सुरुवातीला तिथल्या लोकांची डॉट ईयू नावं बंद करण्यात आली. आपल्या देशाची शेपटी घेणं वेगळं, तिथले नियम आपल्याला लागू असतातच. पण दूरच्या बेटाची शेपटी निव्वळ दिसते छान म्हणून घेऊन तिच्यावर बँकेचा पत्ता टांगणं मला पटलं नाही. नव्या, लांबलचक शेपट्यांमध्ये आणखी एक खोच असते. पहिलं वर्ष जवळजवळ फुकट आणि दुसऱ्या वर्षापासून खरी किंमत. मोठ्या अक्षरात पहिल्या वर्षाचा आकडा असतो. वाचायचा तो नूतनीकरणाचा, बारीक अक्षरातला.

देवनागरीत नाव घ्यावं असं मनात आलंच. घेताही येतं. पडद्यावर आपली अक्षरं दिसतात आणि आतल्या यंत्रणेत त्यांचं एक्स-एन आणि दोन रेघांनी सुरू होणारं रोमन रूप होतं. मोह मोठा होता, कारण 'व'चा प्रश्न एका फटक्यात सुटत होता. पण मेलचा पत्ता देवनागरीत लिहिला की अनेक ठिकाणचे अर्ज तो 'अवैध' म्हणून परत ढकलतात. ज्या पत्त्यामुळे फसगत टाळायची, त्यानेच रोजची फसगत व्हायला लागली तर काय उपयोग? शिवाय 'ऱ्य'सारख्या जोडाक्षरांत न दिसणारी चिन्हं दडलेली असतात. हे मला धंद्यामुळे माहीत आहे. दोन शब्द सारखेच दिसतात आणि आतून वेगळे असतात. तो मोह मी तात्पुरता बाजूला ठेवला.

प्रत्यक्ष नोंदणीला दहा मिनिटं लागली. त्यातली सात 'हे पण घ्या, ते पण घ्या'ला नाही म्हणण्यात गेली. वेबसाइट बांधायचं साधन, 'सुरक्षा पॅकेज', त्याच नावाच्या आणखी पाच शेपट्या, कुठल्याशा यादीत नाव घालायची सेवा. यातलं मला काहीही लागलं नाही, तीन वर्षांनंतरही नाही. एकच गोष्ट मी नीट पाहिली. आपलं नाव, घरचा पत्ता आणि फोन जगजाहीर होणार का? पूर्वी कुणीही उठून कुठल्याही डोमेनच्या मालकाचा फोन नंबर पाहू शकत असे. युरोपचा खासगी माहितीचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला, त्यानंतर बहुतेक ठिकाणी हे तपशील झाकलेले असतात. काही देशांच्या शेपट्यांना मात्र वेगळे नियम आहेत, त्यामुळे आधी विचारून घेतलेलं बरं. आणि 'मालक' या रकान्यात स्वतःचंच नाव घालायचं. दुसऱ्या कुणाला, अगदी भाच्यालाही, 'तूच घे रे माझ्यासाठी' म्हणायचं नाही. ज्याच्या नावावर नोंद, त्याचं नाव. एका ओळखीच्या लेखिकेची वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पुढे दोघांचं बिनसलं, आणि तिला स्वतःच्याच नावासाठी वर्षभर आर्जवं करावी लागली.

नोंदणी झाली आणि मी खूष होऊन कामाला लागले. सोळाव्या दिवशी सगळं बंद. मेल येईना, जाईना. नाव टाकलं की पडद्यावर कुठलंसं सूचनेचं पान. तासभर मी कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग कळलं की चूक माझीच. डॉट कॉमसारख्या नावांसाठी नियम असा आहे की नोंदणीनंतर पंधरा दिवसांत मालकाने आपला ईमेल पडताळून द्यायचा. नाही दिला तर नाव थांबवलं जातं. तो पडताळणीचा मेल मी 'काहीतरी फसवाफसवी दिसतेय' म्हणून कचऱ्यात टाकला होता. शोधून काढला, दुव्यावर टिचकी मारली, थोड्याच वेळात सगळं सुरू झालं. अनोळखी दुव्यावर टिचकी मारू नये हे आपण इतकं घोकलेलं असतं, की जिथे मारायची तिथेही मारत नाही.

त्याआधी, नाव घेतल्या घेतल्या, मेल कुठे पोचवायचा ते त्या नोंदीत लिहायचं होतं. इथे भाच्याने थोडा इतिहास सांगितला, आणि तो मला फार जवळचा वाटला. सुरुवातीच्या काळात नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या फाइलमध्ये घालणार, मग सगळ्यांनी नवी प्रत उतरवून घ्यायची. मला त्या गटाचं चित्रच दिसलं. सारखी दुरुस्त होणारी यादी, सारखी नवी आवृत्ती आणि कुणीतरी जुनीच वापरत बसलेलं. यंत्रं वाढत गेली आणि ते आवाक्याबाहेर गेलं. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वेगळी रचना मांडली. एकाने सगळी यादी ठेवायची नाही, ज्याचं नाव त्याने आपल्यापुरत्या नोंदी ठेवायच्या आणि बाकीच्यांनी विचारत विचारत तिथवर यायचं. पुढे मार्च १९८५ मध्ये पहिलं डॉट कॉम नोंदवलं गेलं. अजूनही तीच रचना चालते.

माझ्या नोंदी लिहायला मला एक दुपार लागली, आणि ती माझ्या उतावीळपणामुळे संध्याकाळपर्यंत लांबली. मेलचा सर्व्हर सांगणारी नोंद घालण्याआधीच 'झालं का, झालं का' म्हणून मी तपासत सुटले. उत्तर आलं, अशी नोंद नाही. मग नोंद घातली, तरी तेच उत्तर. गंमत अशी की 'नाही' हे उत्तरसुद्धा मधले सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. मी आधी विचारलं नसतं तर उत्तर लगेच मिळालं असतं. दुसरी चूक जरा महागात पडली. आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला आहे हे सांगणारी एक नोंद असते, एसपीएफ. ती एकच असावी लागते. मी जुन्या सूचनांवरून एक आणि नव्या सूचनांवरून एक, अशा दोन घातल्या. दोन असल्या की समोरचा दोन्ही बाद धरतो. आठवडाभर माझी पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये पडत होती आणि मी 'यांना उत्तर द्यायची पद्धतच नाही' म्हणत बसले होते. आपल्या नावाने आलेला खोटा मेल समोरच्याला ओळखता यावा म्हणून डीकेआयएम आणि डीमार्क या आणखी दोन नोंदी आहेत. मेलसेवा त्यांचा मजकूर तयार देते, तो जसाच्या तसा चिकटवायचा. एक अक्षरही इकडचं तिकडे करायचं नाही. माझ्यासारखीला हे जड गेलं, कारण त्यात मला सुधारावंसं बरंच दिसत होतं.

मेलची पेटी मी एका छोट्या सेवेकडून भाड्याने घेतली. घरी स्वतःचा सर्व्हर चालवायच्या भानगडीत पडले नाही, आणि ज्याला त्याची हौस नाही त्याने पडूही नये. नाव आपलं असलं की पुरे.

या व्यवस्थेचा एक फायदा मला कुणी आधी सांगितला नव्हता. आपल्या नावापुढे हवे तितके पत्ते काढता येतात. मी प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता देऊ लागले. बँकेला एक, तिकिटांना एक, वर्गणीला एक. सगळे येऊन पडतात एकाच पेटीत. सहा महिन्यांनी एका भलत्याच कर्जाची जाहिरात आली. कुठल्या पत्त्यावर? जो मी फक्त एका ऑनलाइन दुकानाला दिला होता, त्या पत्त्यावर. माहिती कुठून गळली हे शोधायला वेगळा गुप्तहेर लागला नाही. तो एक पत्ता बंद केला, बाकीच्यांना कळलंही नाही.

पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो दिवस दोन वर्षांनी आला. त्या छोट्या मेलसेवेने भाव वाढवले आणि सोबत मला नको असलेल्या दहा गोष्टी बांधून दिल्या. पूर्वीची मी असते तर मुकाट्याने भरले असते. दुसरा इलाज काय होता? त्र्याऐंशी खाती पुन्हा बदलायची माझी छाती नव्हती. या वेळी मी दुसऱ्या सेवेकडे पेटी घेतली. आदल्या दिवशी नोंदीची मुदत एका तासावरून पाच मिनिटांवर आणली, म्हणजे जुनं उत्तर कुणी फार वेळ लक्षात ठेवणार नाही. शनिवारी दुपारी जुन्या पेटीतली पत्रं नव्या पेटीत ओढून घेतली, मग मेलची नोंद बदलली, एसपीएफची बदलली (एकच ठेवून) आणि चहा टाकला. कप संपायच्या आत पहिला मेल नव्या पेटीत आला. एका प्रकाशकाचा होता, 'प्रूफ कधी मिळेल' असा. त्याला काहीही कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नाही. मी मात्र संध्याकाळभर घरात ज्याला त्याला सांगत होते, आणि ज्याला त्याला त्यात काय एवढं, असं वाटत होतं. ज्यांचा पत्ता कधी गेला नाही त्यांना हे समजावून सांगणं कठीण आहे.

नाव जिथे नोंदवलं ती कंपनीही बदलता येते. नोंदणीनंतरचे पहिले साठ दिवस सोडले, तर नाव परस्पर हलवलं जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप उघडायचं, एक कोड घ्यायचा, तो दुसऱ्या कंपनीला द्यायचा. गूगलने २०२३ मध्ये आपला डोमेन-नोंदणीचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकला. लोक कुरकुरले, काही तिसरीकडे गेले, पण नावं ज्याची त्याच्याकडे राहिली. याच्या शेजारी जिओसिटीज ही लोकांना आपापली पानं करू देणारी जुनी साइट ठेवून बघा. २००९ मध्ये ते बंद झालं तेव्हा तिथली पानं तर गेलीच, त्या पानांचे पत्तेही गेले. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथे माझ्या काही ओळखी होत्या, त्यातल्या निम्म्या आता कुठे आहेत मला माहीत नाही.

वेबसाइट नको नको म्हणत मीही शेवटी एक पान केलंच. कामाचं स्वरूप, केलेल्या पुस्तकांची नावं, संपर्क. एवढंच. पानाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवायला लागणारं प्रमाणपत्र हल्ली फुकट मिळतं आणि आपोआप नवं होतं, त्यामुळे तिथे डोकं लावावं लागलं नाही. ब्लूस्काय या समाजमाध्यमावर खातं काढलं, तिथे तर डोमेनचं नावच खात्याचं नाव म्हणून लावता येतं. एक नोंद घातली की ही बाई तीच बाई, हे सिद्ध. पण हे सगळं वरकड. पान उद्या काढून टाकलं तरी माझं काही अडणार नाही.

आता जे मला रात्री कधीकधी जागं ठेवतं ते सांगते. डोमेन विकत मिळत नाही. 'माझं डोमेन' असं आपण म्हणतो, पण ते भाड्याचं असतं. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, पुढे पुन्हा भरायचे. भरायला विसरलो तर? मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर एक आणि आठवडाभर एक अशी स्मरणपत्रं येतात, संपल्यावर आणखी एक येतं. त्यानंतर काही दिवस नेहमीच्या दरात परत घेता येतं. मग तीस दिवसांचा एक काळ असतो, त्यात सोडवून घ्यायला भरभक्कम दंड पडतो. त्यानंतर पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि मग नाव बाजारात. जुनी, वापरातली नावं उचलायला लोक टपलेले असतात. उचललं की माझ्या नावावर येणारी सगळी पत्रं त्यांच्याकडे. बँकेचा 'पासवर्ड बदला' हा दुवासुद्धा. कंपनीचा पत्ता गेला तेव्हा मी बाहेर पडले होते, इतकंच. इथे दुसराच कुणी आत येऊन बसेल.

यातली सर्वांत हास्यास्पद गाठ मी स्वतःच मारून ठेवली होती. डोमेनच्या खात्याला मी ईमेल दिला होता तोच, त्या डोमेनवरचा. म्हणजे नाव थांबलं की मेल थांबणार, आणि ते सुरू करायचा मेल त्याच थांबलेल्या पत्त्यावर येणार. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. भाच्याने कपाळाला हात लावला. आता त्या एका खात्यासाठी मी वेगळा जीमेल ठेवला आहे, तिथे दुसरं काहीही येत नाही. पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही लागतो. पैसे आपोआप कापले जातात, पण कार्डाचीही मुदत संपते, म्हणून नऊ वर्षांचे आगाऊ भरून टाकले आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिली. दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की तारीख त्यावर उतरवते.

आणि माझ्यानंतर? मी भाच्याला विचारलं तेव्हा तो आधी 'काय गं मावशी' म्हणाला आणि मग गप्प झाला. त्याला सांगून ठेवलंय, निदान दोन वर्षं नाव चालू ठेव. तोवर बँका, विमा सगळं मिटेल. मग सोडलं तरी चालेल. खात्याचं नाव आणि कुठे काय आहे ते एका पाकिटात घालून त्याच्या आईकडे दिलंय. माझ्या बहिणीला वाटतं त्यात मृत्युपत्र आहे.

त्र्याऐंशी खात्यांपैकी चार अजून बाकी आहेत. आणि एक जागा अशी आहे की जिथे माझ्या हातात काहीच नव्हतं. आठ वर्षांपूर्वी छापलेल्या एका पुस्तकाच्या श्रेयनामावलीत माझा जुना पत्ता आहे. गेल्या महिन्यात त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ माझ्याकडे आलं. मजकुरात जेमतेम पाच दुरुस्त्या निघाल्या. सहावी मी पहिल्याच पानावर केली, जुना पत्ता खोडून नवा लिहिला आणि समाधानाने पाठवून दिलं. दुसरं प्रूफ आलं, त्यात अक्षरजुळणीकाराने माझ्या आडनावाचा व्ही केला होता. समासात मोठा डब्ल्यू लिहून ते परत पाठवलं. मग कॉम्प्युटर उघडून व्हीवालं नाव मोकळं आहे का ते पाहिलं. होतं. या वेळी पडताळणीच्या मेलची वाट बघत बसले.